घडव : फाइलीच्या पोटातली कमांड चालवणारं छोटं साधन (प्रकल्प नोंदी, वडोदरा)

शनिवार, १४ जून २०२५

आप्पाकाकांच्या जुन्या हार्ड डिस्कवरच्या फायली आज माझ्या मशिनवर उतरवून घेतल्या. एकूण १८३. निम्म्याहून जास्त सी भाषेतले छोटे प्रोग्राम, चाळीसेक लाटेकच्या (छपाईची पानं मांडायचं साधन) फायली, उरलेलं ऑक (मजकूर चाळायची छोटी भाषा) आणि ग्नूप्लॉट (आलेख काढायचं साधन). एकाही फोल्डरमध्ये मेकफाइल, म्हणजे 'मेक' या साधनासाठी कमांड लिहून ठेवलेली फाइल, नाही. कुठली फाइल कशी कम्पाइल करायची, कुठली दोनदा चालवायची, याबद्दल फायलींमध्ये एक अक्षर नाही.

"कमांड सगळ्या वहीत आहेत," काका बोलून गेले, आणि मग आम्ही दोघंही गप्प बसलो.

ती वही गेल्या वर्षी पुरात गेली. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची खूण ओलांडली आणि समा भागातल्या त्यांच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. कॉम्प्युटर उचलून माळ्यावर ठेवायला वेळ मिळाला. टेबलाच्या खालच्या कप्प्यातली वही कुणालाच आठवली नाही. चार दिवसांनी ती चिखलातून निघाली तेव्हा पानांवर शाईचे निळे डाग तेवढे उरले होते. तेव्हापासून काका आमच्याकडे दांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावर राहतात.

काका कलाभवनात वर्कशॉप शिकवायचे. सयाजीरावांनी १८९० साली काढलेलं ते कलाभवन, जिथे आता विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. निवृत्तीनंतर त्यांनी सी आणि लाटेक स्वतःच्या हिमतीवर शिकून घेतलं. आता दोन्ही डोळ्यांना मधोमध दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. पडद्यावरची ओळ वाचता येत नाही. मी वाचून दाखवते, ते ऐकून सांगतात.

पहिली फाइल घेतली ती दाते.सी. लेथवर (धातूचा तुकडा फिरवून कातायचं यंत्र) स्क्रूचे आटे पाडताना कुठली गियर लावायची ते काढून देणारा प्रोग्राम. साधी कमांड दिली तर लिंकरला (कम्पाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) 'एटॅन' हे गणिताचं फंक्शन सापडेना. गणिताची लायब्ररी जोडायला -एलएम लागतं, ते कमांडच्या सुरुवातीला घातलं, तरी तेच. उबुंटूवर लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि त्या क्षणी जिची गरज दिसत नाही ती लायब्ररी सोडून देतो, म्हणून -एलएम फाइलीच्या नावानंतरच यायला हवं. हे उमगायला वीस मिनिटं गेली. काकांच्या वहीत ही ओळ योग्य क्रमाने लिहिलेली असणार.

प्रत्येकी वीस मिनिटं धरली तर १८३ फायलींचे ६१ तास होतात. तेवढे तास घालून मी पुन्हा एक वहीच भरणार असेन, तर ते सगळं पुढच्या पुरापर्यंतच टिकेल.

ठरलं. कमांड त्या त्या फाइलीतच लिहायची, कॉमेंटमध्ये. ती शोधून चालवणारं एक छोटं साधन करायचं. नाव 'घडव'.


रविवार, १५ जून

चहा पिताना काकांना विचारलं, "तुम्ही मेकफाइल का नाही हो केलीत कधी?"

"अगं, एकेक फाइल एकेकाला द्यायची असायची. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतला कुणी यायचा, पेन ड्राइव्ह पुढे करायचा. त्याला दाते.सी दिली की झालं. मेकफाइल द्यायची राहूनच जाणार."

हे मला पटलं. मेक मी रोज वापरते आणि मला ते मनापासून आवडतं. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिलं. स्टीव्ह जॉन्सन एक दिवस वैतागून त्यांच्या खोलीत आले, कारण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कम्पाइल करायचीच राहिली होती आणि बिनचूक प्रोग्राममधली चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली होती. मेकचा जन्म त्या सकाळीतून झाला. म्हणजे काय बदललंय आणि म्हणून काय पुन्हा घडवायला हवं, हा मेकचा प्रश्न. माझा प्रश्न त्याच्या एक पायरी आधीचा आहे: ही एकटी फाइल माझ्या हातात आली, हिचं आता काय करायचं?

फाइलीनेच ते सांगावं ही कल्पना नवी नाही. युनिक्समध्ये डेनिस रिची यांनी १९८० साली #! ची (फाइल कुठल्या प्रोग्रामने चालवायची ते पहिल्या ओळीत सांगणारी खूण) सोय केली, पण ती ओळ स्क्रिप्टसाठी. सीच्या फाइलीची पहिली ओळ तशी असेल तर कम्पायलर तिथेच अडतो. ईमॅक्स या एडिटरला फाइलीच्या शेवटी कम्पाइलची कमांड लिहून ठेवता येते. गो भाषेत डिसेंबर २०१४ च्या १.४ आवृत्तीपासून कॉमेंटमध्ये 'जनरेट'ची ओळ देता येते. लाटेकवाल्यांचं 'अरारा' तर याच कामासाठी केलेलं आहे. पण त्यातलं कुणी एका भाषेशी बांधलेलं, कुणी एका एडिटरशी. काकांच्या डिस्कवर चार तऱ्हेच्या फायली आहेत. मला या चौघींना सारखी लागू पडेल अशी खूण हवी.

खूण ठरवली: @@: आणि तिच्या पुढे ओळ संपेपर्यंत कमांड. आधी मनात होतं की देवनागरीत 'घडव:' लिहावं. ते दिसायला फार छान दिसत होतं. तरी नाही केलं. कारण पुढे येईल असं वाटतंय.

कॉमेंटची भाषा साधन ओळखणारच नाही. सीचं /* असो, लाटेकचं % असो की ऑकचं #, त्याला काही देणंघेणं नाही. खूण दिसली की पुढची ओळ उचलायची. इतकंच.


बुधवार, १८ जून

पहिली आवृत्ती झाली. सीमध्ये, ९४ ओळी. फाइल उघडते, खूण शोधते, पुढचा मजकूर शेलकडे (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) देते. सीमध्येच लिहिली, कारण ती काकांना वाचून दाखवता येते आणि ते चुका काढतात. आज दोन काढल्या.

कमांड चालवण्याआधी साधन त्या फाइलीच्या फोल्डरमध्ये जातं. मी कुठेही उभी असले तरी फाइलीला आपलं घर आपल्याजवळ आहे असंच दिसायला हवं.

घडव.सीच्या पहिल्या ओळीत तिची स्वतःची कमांड घातली. पहिल्यांदा हाताने कम्पाइल करावं लागलं. दुसऱ्यांदा तिने स्वतःला घडवलं.


रविवार, २२ जून

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी सीच्या बारा फायलींत ओळी घातल्या. अशा:

/* @@: सीसी -ओ दाते दाते.सी -एलएम */

दाते.सी घडवली तर कम्पायलर म्हणाला '*/' नावाची फाइल नाही. बरोबरच आहे. ओळ संपेपर्यंतचं सगळं मी शेलला दिलं होतं, त्यात कॉमेंट बंद करणारं */ सुद्धा गेलं. बारीकशी चूक, दुपारी काढू म्हणून सोडून दिली. दुसऱ्या फोल्डरमधली फाइल घडवली तर तिथे तक्रार निराळीच: लिंकर म्हणतो 'नकाशे/' ही फाइल नव्हे. नकाशे हे नाव मी कुठेच लिहिलं नव्हतं. ते शेजारच्या फोल्डरचं नाव.

मग डोक्यात लख्ख पडलं. */ हा शेलसाठी शब्द आहे. त्याचा अर्थ 'इथले सगळे फोल्डर'. ज्या ठिकाणी पोटात एकही फोल्डर नाही तिथे शेल ती दोन चिन्हं तशीच ठेवतो, आणि जिथे फोल्डर आहेत तिथे त्यांची नावं त्या जागी मांडतो. तीच ओळ, जागा बदलली की वेगळी कमांड.

हे कळेपर्यंत उशीर झाला होता. तिसऱ्या फाइलीत मी दोन ओळी घातल्या होत्या: पहिलीत कम्पाइल, दुसरीत मधला कचऱ्याचा फोल्डर काढून टाकायची आरएमची (पुसून टाकायची) कमांड. तिच्याही शेवटी */ होतं. ती चालली. सात फोल्डर गेले.

मी प्रतीवर काम करत होते. मूळ डिस्क कपाटात आहे, तिला मी लिहिण्याची परवानगीच न देता जोडते. सातही फोल्डर दहा मिनिटांत परत आणले. पण ज्या फायली पुरातून वाचल्या त्या माझ्या दोन चिन्हांमुळे गेल्या असत्या, हा विचार दिवसभर गेला नाही. काकांना सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "लेथवर चक की काढल्याशिवाय स्विच दाबू नये, हे आम्ही पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो. तुझ्या साधनात चक की कुठे आहे ते शोध." (चक की म्हणजे लेथचा जबडा आवळायची किल्ली.)

संध्याकाळी सूरसागर तलावाला एक फेरी मारून आले आणि तीन गोष्टी ठरवल्या.

शेवटचं */ गुपचूप छाटून टाकणं सोपं होतं. तसं करणार नाही, कारण एखाद्याला खरोखरच 'सगळे फोल्डर' म्हणायचं असू शकतं, आणि अंदाज बांधणारं साधन मला नको. त्याऐवजी कमांड संपल्याची खूणही लिहायची: @@: ने सुरू, @@ ने बंद. बंद करणारी खूण नसेल आणि ओळ */ किंवा --> अशा चिन्हांनी संपत असेल, तर काहीही न चालवता साधन थांबेल आणि ओळीचा क्रमांक सांगेल.

दुसरं, -न हा पर्याय. तो दिला की कमांड नुसती छापायची, चालवायची नाही. हे पहिल्याच दिवशी असायला हवं होतं.

तिसरं, एका फाइलीत अनेक ओळी असल्या तर त्या वरून खाली चालतील आणि पहिली चुकली की तिथेच थांबतील. कम्पाइल फसलं आणि साफसफाई मात्र पार पडली, असं व्हायला नको.


रविवार, २९ जून

फाइलीचं नाव कमांडमध्ये कसं द्यायचं, यावर आठवडा गेला. दाते.सी असं नाव कमांडमध्ये लिहून ठेवलं आणि उद्या कुणी फाइलीचं नाव बदललं, की ओळ खोटी पडते. म्हणून नावाच्या जागी काहीतरी धरून ठेवणारं हवं.

पहिला विचार असा की कमांडमध्ये %फ दिसलं की तिथे नाव घालायचं. तसं केलंही. मग काकांची एक फाइल समोर आली, 'आटे; जुने.सी'. नावात अर्धविराम आणि मोकळी जागा. शेलला अर्धविराम म्हणजे कमांड संपली, पुढे दुसरी सुरू. 'जुने.सी' नावाचा प्रोग्राम तो शोधायला लागला. समजा जुने.सीच्या जागी दुसरं काही असतं तर? अवतरणचिन्हांत घालून पाहिलं, पण मग ज्या नावात अवतरणचिन्हच आहे त्याचं काय? मजकुरात मजकूर चिकटवायचा हा रस्ताच चुकीचा आहे.

शेलमध्ये याला आधीपासून वाट आहे. कमांडबरोबर वेगळे शब्द देता येतात आणि ते आत $१, $२ म्हणून मिळतात. शेल ती नावं कमांड म्हणून वाचत नाही. आता $१ म्हणजे फाइलीचं नाव आणि $२ म्हणजे शेपूट काढलेलं नाव. कमांड लिहिणाऱ्याने दोन्हींभोवती दुहेरी अवतरणचिन्हं घालायची, एवढं पथ्य. ती नसतील तर -न चा पर्याय इशारा देतो.

नावापुढे ./ लावते. एक फाइल हायफनने सुरू होत होती आणि कम्पायलरला ती पर्याय वाटली.


रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी. आईने साबुदाण्याची खिचडी केली होती, ती खाऊन दिवसभर बाइट मोजत बसले.

काकांना प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर भरपूर लिहायची सवय. वर 'श्री', मग तारीख, कुठल्या लेथसाठी, कुणी मागितलं, कुठलं कोष्टक तपासून पाहिलं. मला ते वाचायला फार आवडतं. एकेका फाइलीमागे एक माणूस दिसतो. पण मी फाइलीचे पहिले १०२४ बाइटच वाचत होते, आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडची अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे ३४१ चिन्हांत माझं वाचन संपलं. एका फाइलीत कमांड नेमकी त्या सीमेवर आली आणि अर्धीच चालली, -एलएम सोडून. आता ओळीओळीने वाचते, पहिल्या साठ ओळींपर्यंत. ओळ कितीही लांब असली तरी अख्खी घेते. अर्धी कमांड कधीही चालता कामा नये.

विंडोजवर लिहिलेल्या फायलींमध्ये ओळीच्या शेवटी एक जादा चिन्ह असतं, कॅरेज रिटर्न. ते डोळ्यांना दिसत नाही. कमांडच्या शेवटी ते चिकटलं की लिंकर -एलएम आणि ते चिन्ह असा एकच शब्द वाचतो आणि अशी लायब्ररी नाही म्हणतो. त्यात चूक झाल्याचा संदेश छापताना कर्सर ओळीच्या सुरुवातीला येतो आणि अक्षरांवर अक्षरं चढतात. पंधरा मिनिटं मी त्या विचित्र ओळीकडे बघत होते. हे चिन्ह मात्र साधन स्वतः काढून टाकतं. इथे अंदाजाचा प्रश्न नाही, कमांडच्या शेवटी ते कुणालाच नको असतं.

आणि देवनागरी खूण का घेतली नाही, त्याचं कारण आज आलं. काकांच्या सर्वांत जुन्या फायली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या आहेत, एका अक्षराला एक बाइट. त्या फाइलीत यूटीएफ-८ मधलं 'घडव' घातलं तर एकाच फाइलीत अक्षरं साठवायच्या दोन पद्धती नांदतात, आणि एडिटर सेव्ह करताना एकाचा तरी चुराडा करतो. @ हे चिन्ह दोन्हींकडे एकाच बाइटचं. साधन फाइलीतली अक्षरं समजून घ्यायचा प्रयत्नच करत नाही, बाइट पाहतं.


मंगळवार, ८ जुलै

लाटेकच्या फायली सुरू. मराठीसाठी झीलाटेक लागतं. पीडीएफलाटेकला युनिकोडची देवनागरी झेपत नाही. अनुक्रमणिका असेल तर दोनदा चालवायचं, कारण पहिल्या फेरीत पानांचे आकडे नुसते टिपले जातात आणि दुसऱ्या फेरीत छापले जातात. मी ती ओळ दोनदा लिहिते. 'गरज पडेल तितक्या वेळा' असं काही साधनात घालणार नाही.


रविवार, १३ जुलै

ऱ ने आज रडवलं.

मावसभावाकडे काकांच्या नोट्सची एक प्रत होती, त्याच्या मॅकच्या जुन्या बाहेरच्या डिस्कवर. तिथून 'दुसऱ्या फेरीचे आटे' ही लाटेकची फाइल आली. कमांडमध्ये नाव लिहिलेलं होतं, फोल्डरमध्ये फाइल होती, आणि झीलाटेक म्हणे अशी फाइल नाही. दोन्ही नावं एकाखाली एक ठेवली. काडीचाही फरक दिसत नाही.

शेवटी दोन्हींचे बाइट छापले. कीबोर्डवरून येणारा ऱ हा युनिकोडमध्ये एकच चिन्ह आहे, तीन बाइटचं. पण तोच र आणि खाली नुक्ता असा दोन चिन्हांतही लिहिता येतो, मग सहा बाइट. युनिकोडच्या दृष्टीने दोन्ही समान. मॅकची जुनी फाइल-व्यवस्था, एचएफएस प्लस, नावं साठवताना अशी अक्षरं सुटी करून ठेवायची. लिनक्सला नाव म्हणजे बाइटची माळ. ती जुळली नाही की फाइल वेगळी.

मराठीत हा ऱ कुठे नाही? दुसऱ्या, तिसऱ्या, तऱ्हा, वाऱ्यावर. ज्या भाषांत तो नाही त्यांच्यापुढे ही अडचण या रूपात कधी येणारच नाही, आणि म्हणून ही नोंद मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. मराठीत फायलींना नावं देणाऱ्या कुणालाही हे भेटेल.

साधनात काही बदलावं लागलं नाही. कमांडमध्ये हाताने लिहिलेलं नाव काढून $१ घातलं. साधन डिस्कवर जसं नाव असेल तसेच बाइट पुढे देतं. फाइल लगेच घडली. २९ जूनला जो आठवडा गेला म्हणून चुटपुट लागली होती, ती आज गेली.


रविवार, २० जुलै

शेजारच्या मुलाने विचारलं, "ताई, मला कुणी अशी फाइल पाठवली आणि मी घडव म्हटलं, तर त्याने लिहिलेलं काहीही माझ्या मशिनवर चालणार ना?"

चालणार. २२ जूननंतर मी स्वतःच्या चुकीपासून जपत होते, दुसऱ्याच्या हेतूचा विचार केलाच नव्हता. आणि हे कल्पनेतलं नाही. २०१९ साली विम या एडिटरमध्ये एक भोक सापडलं होतं: मजकुराच्या फाइलीत एडिटरसाठी सूचनांची एक ओळ असते, तिच्यातून फाइल नुसती उघडली तरी कमांड चालवता येत होती. फाइल वाचायला घेणं आणि फाइलीचं ऐकणं, यात जाड रेघ हवी.

म्हणून आता पहिल्या वेळी साधन कमांड पडद्यावर दाखवतं आणि 'चालवू?' विचारतं. हो म्हटलं की फाइलीचा पत्ता आणि कमांडचा मजकूर मिळून एसएचए-२५६ चा ठसा (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा आकडा) घरच्या फोल्डरमध्ये जपून ठेवतं. पुढच्या वेळी ठसा जुळला तर न विचारता चालवतं. कमांडमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी पुन्हा विचारतं. प्रोग्रामचा बाकी मजकूर बदलला तर विचारत नाही, कारण तो रोज बदलतो, आणि रोज विचारलेल्या प्रश्नाला माणूस न वाचता हो म्हणतो. समोर टर्मिनल नसेल, विचारायला कुणी नसेल, तर चालवतच नाही.

पडद्यावर न दिसणारी चिन्हं कमांडमध्ये असतील तर ती सांकेतिक रूपात छापते. दाखवलेलं आणि चालणारं एकच असलं पाहिजे.

काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, "ही चक की."


रविवार, ३ ऑगस्ट

कोड कमी केला. आजवर साधन शेलला पोटाशी धरून चालवत होतं, तो संपेपर्यंत थांबत होतं, मग त्याचा एक्झिट कोड (काम नीट झालं की नाही ते सांगणारा आकडा) पुढे देत होतं. कंट्रोल-सी दाबलं तर दोघांतलं आधी कोण थांबणार, याचा हिशेब ठेवत होतं. आता तपासणी झाली की एक्झेक करून साधन स्वतःच्या जागी शेल बसवतं आणि बाजूला होतं. एक्झिट कोड शेलचा, सिग्नल शेलचे. ४० ओळी गेल्या. 'शेवटचं कधी घडलं' अशी नोंद ठेवायचा बेत होता, तो यात सोडावा लागला. सोडला.

साधनाची स्वतःची चूक असेल तर १२५ हा कोड देते. जीएनयूची एन्व्ह, टाइमआउट ही मंडळी तसंच करतात: आपलं काही बिघडलं तर १२५, कमांड आहे पण चालवता येत नाही तर १२६, कमांड सापडलीच नाही तर १२७.

१२७ वाचलं आणि काका खुर्चीत सरळ झाले. इंची लीड स्क्रूच्या (कातायचं हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू) लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायला १२७ दातांचं चाक लागतं. इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून. त्याची पाच पट १२७. आणि १२७ ही मूळ संख्या, तिचे तुकडे पडत नाहीत, म्हणून ते चाक छोट्या चाकांच्या जोडीने बनवता येत नाही. ६३ दातांवर भागवतात, पण ते जवळपास येतं, नेमकं नाही. काकांनी हे सगळं एका दमात सांगितलं, वर्गात सांगायचे तसं. मी टंकायचं थांबवून ऐकत बसले.


शुक्रवार, १५ ऑगस्ट

आज त्या फायली घेतल्या ज्यांची कमांड काकांना पक्की आठवते आणि तरीही त्या घडत नाहीत. २२ आहेत.

कमांड चुकलेली नाही, कम्पायलर बदललाय. जुन्या सीमध्ये फंक्शन आधी न सांगता वापरलं तरी चालायचं, कम्पायलर फार तर इशारा द्यायचा. मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ (सीच्या कम्पायलरची १४ वी आवृत्ती) पासून ती सरळ चूक धरली जाते. काही फायलींत एकच ग्लोबल चल दोन ठिकाणी मांडलेलं आहे. तेही २०२० च्या जीसीसी १० पासून खपत नाही.

म्हणजे कमांड फाइलीत लिहिली तरी ती जुनी होते, हे मला मान्य करायला हवं. पण वहीतल्यासारखी हरवत नाही, डोळ्यांसमोर जुनी होते, आणि जो दुरुस्त करेल त्याची दुरुस्ती फाइलीबरोबरच पुढे जाते. या २२ फायलींच्या कमांडमध्ये -एसटीडी=जीएनयू८९ घातलं, तिघींना -एफकॉमनही. काकांच्या कोडला हात लावला नाही. खाली साध्या कॉमेंटमध्ये लिहिलं: 'जीसीसी १४ वर घडली, ऑगस्ट २०२५'. ती ओळ माणसांसाठी आहे, साधन ती वाचत नाही. साधनाने फाइलीत कधीही काही लिहायचं नाही हा नियम मी सुरुवातीलाच केला होता, तो पाळते आहे.

२२ पैकी २० घडल्या.


रविवार, २४ ऑगस्ट

मकरपुऱ्याहून एक गृहस्थ आले होते. काकांकडे पूर्वी यायचे, पुरानंतर पत्ता शोधत पहिल्यांदाच आले. येताना सेव-उसळ बांधून आणली होती. त्यांच्याकडचा लेथ इंची, लीड स्क्रू इंचाला ४ आट्यांचा, आणि काम आलंय दीड मिलिमीटरच्या आट्यांचं. पूर्वीचं छापील कोष्टक त्यांचंही पाण्यात गेलं.

मी दाते.सी घडवायला घेतली. साधनाने कमांड दाखवली, विचारलं, मी हो म्हटलं. प्रोग्राम चालायच्या आत काका बोलायला लागले होते: "चार गुणिले दीड, सहा. सहा भागिले पंचवीस पूर्णांक चार. वर-खाली पाचाने गुणा. तीस, एकशे सत्तावीस."

पडद्यावर आलं: स्पिंडलकडे ३०, लीड स्क्रूवर १२७. मी मोठ्याने वाचलं. काकांनी मान हलवली आणि सगळं कोष्टक छापून द्यायला सांगितलं. ते लाटेकमधलं, दोन फेऱ्यांचं, नऊ पानांचं. छापून दिलं. दाते.सी पेन ड्राइव्हवर घातली, सोबत घडवही. घडव नसलं तरी अडणार नाही म्हणा. त्यांच्या मुलाला मी पहिली ओळ दाखवली: ही इथली कमांड टर्मिनलमध्ये जशीच्या तशी घाल, $१ च्या जागी नाव लिही.

ते गेल्यावर उरलेल्यांची मोजणी केली. १६० फायलींत ओळी घालून झाल्या, घडवून पाहिल्या. २३ बाकी. त्यातल्या १४ काय करतात हे काकांना आठवतं, कमांड आठवत नाही. सातांवर नुसती तारीख आहे. दोन १५ तारखेला राहिलेल्या, त्यांचं अजून कळलेलं नाही. मी त्या दोघींचे पहिले वीस ओळींचे मजकूर सावकाश वाचून दाखवले. दुसरीच्या मध्यावर काकांनी हात वर केला.

"थांब. ही एकटी चालत नाही. हिच्याबरोबर फोरट्रानची एक फाइल होती, साइन-कोसाइनची कोष्टकं करणारी. आधी ती घडायची, मग ही."

डिस्कवर शोधलं. फोरट्रानची फाइल आहे, दुसऱ्याच फोल्डरमध्ये, वेगळ्या नावाने. उद्या जीफोरट्रान बसवायचं.